कानातलं पाणी आणि बगीच्यातला झुला

विषय : नात कु. मनू, वय सोळा महिने, हिच्या न चालण्याबाबत.
संदर्भ : शेजाऱ्यांच्या तोंडी सूचना.

उपरोक्त विषयी नमूद करतो की, मूल उशिरा चालायला लागलं की त्याचे किस्से आधी चालायला लागतात. रायपूर तेव्हा भोपाळपासून वेगळं होऊन नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. राज्य आणि मनू जवळपास एकाच वयाची. दोघंही धरूनधरून उभी राहायची!

*

डॉक्टरीणबाईंनी आधी कान पाहिले. मी म्हटलं, "मॅडम, पैर का मामला है."

"बाबूजी, बॅलन्स कान में रहता है. अंदर पानी है, मिस्त्री की लेवल-नली जैसा. मशीन पूरी है, दिमाग उसे पढ़ना सीख रहा है. ज़मीन पर छोड़िए, झूला झुलाइए. दो महीने में नहीं चली, तो जाँचें करेंगे."

'जाँचें' ऐकून सूनबाईचा चेहरा उतरला.

*

आमच्या हिनं ऐकलं फक्त 'कान में पानी'. "आंघोळीत मी एक थेंब जाऊ देत नाही! गेलं कसं?"

"अगं, ते जन्मापासूनच असते."

"म्हणजे तुमच्याकडचं!"

*

भाकरेअण्णा, माझे रेल्वेतून रिटायर झालेले मित्र. ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बगीच्यात डोळे मिटून स्वतःभोवती पाच गिरक्या घेतल्या, थांबले आणि कडुलिंबाला मिठी मारली.

"मी थांबलो, बगीचा काहून फिरून राहिला?"

"कानातलं पाणी अजून थांबलं नाही, अण्णा."

"मले पासष्ट वर्षांत लेवल जमली नाही, अन् तुम्ही पोट्टीच्या मागं लागले!"

बाकाला धरून उभ्या मनूला हे फार आवडलं. टाळी वाजवायला तिनं बाक सोडला. क्षणभर उभी. मग बदकन खाली!

*

राहिला झुला. बगीच्यातल्या झुल्याची एक साखळी तुटलेली. मी अर्ज केला. बगीचेवाल्या नव्या सरकारी ऑफिसात टेबल आलं होतं, खुर्च्या यायच्या होत्या. बाबू उभ्यानंच म्हणाला, "बगीचा हमारा है. झूले की फाइल भोपाल से आई नहीं."

दुसऱ्या खेपेला : "लाभार्थी को लाइए."

डॉक्टरीणबाईंचे दोन महिने संपायला आठ दिवस उरले होते. सूनबाई मनूला घेऊन आली, टेबलाचा पाय धरवून उभी केली. बाबूनं माझ्या अर्जावर शिक्का मारला. धप्प!

मनूनं टेबल सोडलं. एक. दोन. तीन. चार. आणि बाबूचा पायजमा धरला.

सूनबाई रडायलाच लागली. बाबूनं मनूकडे पाहिलं, अर्ज परत ओढला आणि शेरा लिहिला : "लाभार्थी स्वयं चलकर आई. झूले की आवश्यकता सिद्ध करें."

अर्ज प्रलंबित आहे.