डोंगरे सरांची चिकट लिली

अकोल्याकडच्या मालेगावात आमचं कृषी केंद्र आहे. दुकान शंकरभाऊंचं, काउंटरवर मी. मी ॲग्रीचा डिप्लोमा केलाय, म्हणून मला गावात ‘डॉक्टर’ म्हणतात. अशा जागी पाच-सहा वर्षं बसलं की गोदामात खताची पोती कमी आणि डोक्यात किस्से जास्त होतात. पोती निदान खपतात तरी! यंदाच्या फेब्रुवारीतले तर सगळे किस्से एकाच लिलीचे आहेत.

*

डोंगरे सर म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. एका सकाळी ते स्टीलच्या डब्यात लिलीचं पान घेऊन आले. पान एवढं चिकट, की डब्यातून निघेना!

काकू लेकीकडे अकोल्याला गेल्या होत्या, रविवारी परत येणार होत्या. जाताना दारात बजावून गेल्या होत्या, “तुमी येक डाव वाळले तरी चालन, माही लिली वाळली नाई पाह्यजे!”

सरांचा चेहरा पाहून मला खरंच दया आली.

शंकरभाऊंनी पानाला बोट लावलं. “मावा! डोळे झाकून मावा!”

मी पान उलटंपालटं करून पाहिलं. “भाऊ, एकही किडा दिसत नाही.”

“लपला असन!”

*

औषधाच्या डब्यावर डोस एकरी लिहिलेला. सरांनी खिशातून पेन काढला. लिलीचा वाफा सहा बाय चार, एकराचे चौरस फूट त्रेचाळीस हजार पाचशे साठ. आमच्याच कॅलेंडरच्या पाठीवर त्रैराशिक मांडलं.

“एक थेंब भरते,” सर म्हणाले. “एक थेंब द्या.”

शंकरभाऊ म्हणाले, “सर, थेंब पोलिओवाले देतेत. आमी डबा देतो!”

सर डबा न घेताच निघाले. मी मागून जाऊन सांगितलं, “आधी साबणाच्या पाण्यानं पानं पुसून पाहा.” त्यांनी संध्याकाळी पान न् पान पुसलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी शटरपाशी हजर. “डॉक्टर, पुन्हा चिकट!”

*

काउंटरवर रिठद गावचे किसनराव बसले होते. तीस वर्षं कपाशी केलेला माणूस. ते म्हणाले, “पीक पाह्यल्याबिगर बोलू नाई,” आणि सरांच्या गाडीवर मागे बसून निघाले.

वाफ्याभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या, मूठभर माती उचलून चुरगाळली. “पेरा कधीचा हाय?”

“पेरा नाही हो, कांदे लावले होते आमच्या बाईनं. आठ वर्षं झाले.”

“आठ वर्सं! अन् माल किती निंघते?”

“फुलं येतात मार्च-एप्रिलात. पाहाले.”

“पाहाले?” किसनराव चाटच पडले. मग त्यांनी सल्ला दिला, “सर, उपटा हे अन् भुईमूग टाका.”

*

गुरुवारी कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, मोबाइलमध्ये ॲप. पानाचा फोटो काढला की तीन सेकंदांत रोगाचं नाव!

सरांनी लिलीचं पान पुढे केलं. तीन सेकंदांत नाव आलं. पीक : केळी. पोटॅशची कमतरता.

“पण ही लिली हाय,” सर म्हणाले.

रिप्रेझेंटेटिव्हनं ॲप बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा केळी! मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “सर, व्हरायटी एकदा चेक करून घ्या तुमी.”

*

शंकरभाऊ हरणारे नव्हेत. त्यांनी पिवळे चिकट सापळे दिले. किडा रंगाला भुलून येतो आणि चिकटतो. सरांनी वाफ्यात चार काड्या रोवून चार सापळे लावले.

शनिवारचा निकाल सरांनीच येऊन सांगितला. “मावा शून्य. मफलर एक!”

मग मी स्वतः भिंग घेऊन गेलो. अर्धा तास ओणवा होऊन पानांची खालची बाजू पाहिली, कंबर धरली. किडा नाही, अंडं नाही. शेवटी म्हणालो, “फिजिऑलॉजिकल डिसऑर्डर दिसते.” आपल्याला काही कळलं नाही, हे आम्हाला कॉलेजात असंच सांगायला शिकवलं होतं. सर “हो का” म्हणाले आणि फडकं ओलं करायला आत गेले.

*

रविवारी काकू आल्या. आम्ही सगळे सरांच्या अंगणात, तोंडं पाडून. शंकरभाऊ म्हणाले मावा, रिप्रेझेंटेटिव्ह म्हणाला पोटॅश, मी डिसऑर्डर. सर फडकं हातात घेऊन कोपऱ्यात उभे.

काकूंनी एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं. “लिलीले काई झालं नाई. मस्त हाय माही लिली.”

सरांनी इतका मोठा श्वास सोडला, की आम्हाला ऐकू आला.

मग काकूंनी पिशवी ठेवायला वाफ्याशेजारी उभ्या असलेल्या सरांच्या गाडीच्या सीटवर हात टेकला. हात चिकटला. त्यांनी तसाच तो शंकरभाऊंच्या गाडीच्या सीटवर ठेवला. तिथंही चिकटला. काकूंनी मान वर केली, म्हणून आम्हीही केली. शेजाऱ्यांचा आंबा भिंतीवरून निम्म्या अंगणावर आलेला, मोहरानं लदलेला, आणि मोहरावर तुडतुडेच तुडतुडे. त्या किड्यांचे चिकट, बारीक तुषार वरून पडत होते.

काकू आमच्याकडे वळल्या.

“काहो शंकरभाऊ, गाड्याईलेबी मावाच झाला काय?”