बंगले रिकामे करणारा वाल्मीक

आमच्या ऑफिसात वाल्मीक आहेरचं काम काय होतं, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो : तो लोकांची घरं रिकामी करायचा. भर दिवसा, मालकाच्या डोळ्यांदेखत, दारात टेम्पो लावून.

ऑफिस म्हणजे नाशकात कॉलेज रोडला, औषधाच्या दुकानावर. प्रतिभा गाडेकर, आर्किटेक्ट. मी तिथला ड्राफ्ट्समन. बोर्डावर टी-स्क्वेअर सरकवण्यात माझी उमेद गेली आणि कॉम्प्युटरवर माऊस सरकवण्यात कंबर गेली. वाल्मीक १९९६ साली आमच्याकडे शिपाई म्हणून आला. पण मॅडमच्या बंगल्यांचे फोटो मासिकांत छापून यायला लागले आणि त्याचं शिपाईपण मागे पडलं.

मुंबईची ती गुळगुळीत इंग्रजी मासिकं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या घरांत कुणी राहत नाही. भिंतीवर सराफाचं कॅलेंडर नाही, टीव्हीवर क्रोशाचं झाकण नाही, दारात चपला नाहीत. माणूस तर औषधालाही नाही. आता आमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यांत ह्या सगळ्या वस्तू आणि वर माणसं ठासून भरलेली. मग मुंबईचा फोटोग्राफर यायच्या दिवशी सकाळी वाल्मीक टेम्पो घेऊन हजर व्हायचा. सिलिंडर, इन्व्हर्टर, व्यायामाची सायकल, प्लॅस्टिकची फुलं, 'सुस्वागतम्' लिहिलेलं पायपुसणं, सगळं टेम्पोत. देव तेवढे तो स्वतः धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचा. मग ऑफिसातल्या ट्रंकेतून आणलेली काळी वाटी टेबलावर ठेवायची, तिच्यात तीन हिरवी सफरचंदं. ती खायची सक्त मनाई. दोनदा मी मोडली आहे.

सामान बाहेर गेलं की माणसं. तेही खातं वाल्मीककडेच. "काकू, जरा बाहेर थांबता का? फोटूत तुमचा पदर येतोय," असं तो इतक्या अदबीनं म्हणायचा की काकू, काका, नातवंडं सगळी निमूट फाटकाबाहेर जाऊन उभी राहायची. संध्याकाळी सगळं जिथल्या तिथं. एकदा फक्त एका घरचा मिक्सर दुसऱ्या घरी गेला. त्या दोन बायका आता एकमेकींच्या मैत्रिणी आहेत.

काम मजेचं होतं, पण वाल्मीकच्या जिवाला एक घोर होता. त्याचा सासरा त्याच्याशी बोलत नव्हता.

भांडण झालेलं नव्हतं. वाल्मीक मूळचा देवळ्याचा. नाशकाला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कायम झाला, तेव्हा कळवणच्या गोटीराम पगारांनी आपली सिंधू त्याला दिली. कंपनीवाला जावई म्हणून गावभर पेढे वाटले. पाच-सहा वर्षांत कंपनीला टाळं लागलं आणि वाल्मीक एका "चित्रं काढणाऱ्या बाईकडं" कामाला लागला. तेव्हापासून गोटीरामांनी जावयाशी सरळ बोलणं बंद केलं. वाल्मीक समोर बसलेला असला तरी ते मुलीकडे बघून म्हणायचे, "सिंधू, विचार त्यांना, चहा घेतील का." वाल्मीकही सिंधूबाईंना सांगायचा, "घेतो म्हणावं." चहात साखर किती, हेसुद्धा असंच फिरून यायचं. गावात कुणी विचारलं की जावई काय करतो, तर गोटीराम म्हणायचे, "हाय नाशकाला, कुठंतरी." हे 'कुठंतरी' वाल्मीकला फार लागायचं. रागावले असते तर बरं, मला म्हणायचा, पण ह्यांच्या लेखी मी कुठं हायेच नाय.

२००४ च्या थंडीत मॅडमच्या सगळ्यात मोठ्या बंगल्याचं शूट ठरलं. मालक समाधानशेठ, अंबडला त्यांचा कारखाना. मुंबईहून राज नावाचा फोटोग्राफर आला आणि येताना नवीन खूळ घेऊन आला. परदेशी मासिकांत आता घरात एक माणूस दाखवतात म्हणे, पण पुसट. खोलीत उजेड कमी ठेवायचा, कॅमेऱ्याचा पडदा चार-पाच सेकंद उघडा ठेवायचा आणि तेवढ्यात माणसानं चालत जायचं. घर स्वच्छ येतं, माणसाचा धूर होतो.

समाधानशेठना हे कळताच ते सूट घालून, टाय बांधून, केसांना तेल लावून हजर झाले. राजनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीक शेठजवळ गेला आणि म्हणाला, "शेठ, जरा बाहेर थांबता का?" शेठ गेले. फाटकाबाहेर टेम्पोत त्यांचाच फ्रिज होता, त्याला टेकून उभे राहिले. आणि राज वाल्मीकच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम चलो."

जिन्यापासून खिडकीपर्यंत चालायचं, इतकंच काम होतं. वाल्मीक चालायला लागला. अर्ध्यावर कॅमेरा खुट्ट वाजला आणि तो जागच्या जागी थांबला. कॅमेऱ्याकडे वळला, टाचा जुळवल्या, हात मांडीला लावले, श्वास रोखला.

"चलते रहो, भाई," राज म्हणाला.

"हां साहेब," वाल्मीक म्हणाला आणि पुढच्या वेळीही खुट्ट झाल्याबरोबर थांबला. त्याच्या पिढीला फोटो म्हणजे स्टुडिओवाल्याची दटावणी : हलू नका. त्यानं आयुष्यात फोटो काढले दोन, एक लग्नातला आणि एक कंपनीच्या ओळखपत्रावरचा, आणि दोन्ही वेळा न हलल्याबद्दल शाबासकी मिळवलेली. पाय ऐकायलाच तयार नव्हते. दहाएक वेळा झाल्यावर एकदा कसाबसा तो न थांबता गेला. तो फोटो चालेल, म्हणून राजनं कॅमेरा आवरला.

मे महिन्यात अंक आला. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी लागायच्या दिवशीच पाकीट आलं. मॅडमनी उघडलं, पानं मोजली, आठ भरली, खूश झाल्या. मीही पाहिला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात मासिक कुणी वाचत नाही. आम्ही प्लॅन बघतो, फोटो बघतो, दुसऱ्याच्या बंगल्याला नावं ठेवतो आणि पान उलटतो. मजकूर असतो तो चित्रांच्या बाजूला पांढरं मोकळं सोडता येत नाही म्हणून, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच मोठ्या फोटोत वाल्मीक होता. धूर नव्हे, अख्खा, सदऱ्याच्या गुंड्यांसकट. मुंबईच्या संपादकांनी नेमका थांबलेला फोटो निवडला होता. ऐसपैस रिकाम्या दिवाणखान्यात हात मांडीला लावून तो असा उभा होता, जणू झेंडावंदन चाललंय. मॅडम हसल्या आणि एक अंक त्याला देऊन टाकला.

"रंगनाथभाऊ, कळवणला चला संगं," वाल्मीक मला म्हणाला. सिंधूबाई आणि मुलगी हर्षाली आखाजीला माहेरी गेल्या होत्या, त्यांना आणायला तो निघाला होता. "सासऱ्याला दाखवतो. तुम्ही असले म्हंजे त्यांना खरं वाटंल." मी गेलो. मित्रासाठी गेलो असं मी म्हणतो. कळवणला खापरावरचे मांडे आणि आमरस होता, हेही खरं आहे.

जेवणं झाली. गोटीराम खाटेवर, शेजारी त्यांचे चुलतभाऊ मोतीराम. वाल्मीकनं पिशवीतून अंक काढला आणि रिवाजाप्रमाणे सिंधूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वडिलांपुढे धरला. गोटीरामांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हाऊ कोण शे? कोण हाय हा?" ते मुलीला म्हणाले, पण नजर जावयावर गेली होती.

तेवढ्यात हर्षालीनं अंक ओढून घेतला. ती नाशकात सिडकोतल्या इंग्रजी शाळेत आठवीला, कुठं इंग्रजी दिसलं की वाचून दाखवल्याशिवाय तिला राहवत नाही. फोटोखालची बारीक ओळ तिनं घडाघडा वाचली आणि मराठीत सांगितलं, "घराचे मालक, आपल्या शांत दिवाणखान्यात. ह्यांच्या उभं राहण्यातला साधेपणा घराच्या खांबांशी नातं सांगतो."

मी डोक्याला हात लावला. आठ पानं आणि ऑफिसातल्या एकानंही ती ओळ वाचली नव्हती. समाधानशेठनी वाचली तर काय होईल, हा विचार माझ्या मनात आला.

गोटीराम मात्र उठून बसले होते. "बंगला," ते मोतीरामांना म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, पोरगं कामाचं हाय?" असं ते कधीच म्हणाले नव्हते. मोतीरामांनी खाटेवर सरकून जागा केली आणि वाल्मीककडे बघून मान डोलावली. सिंधूबाई नवऱ्याकडे टकामका बघत होत्या. सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांचं भाडं त्यांनाच ठाऊक होतं.

वाल्मीकनं गप्प बसायचं होतं फक्त. मी वाल्मीककडे बघून डोळे मिचकावले, की राहू दे, कळवणला कोण बघायला येतंय. इतकी वर्षं ज्यासाठी तो झुरला ते समोर खाटेवर वाट बघत होतं. वाल्मीकनं एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"सिंधू, सांग आबांना," तो म्हणाला, "बंगला माझा नाय. फोटू माझा हाय. छापणाऱ्यानं चूक केली."

मोतीराम खोकले. गोटीरामांचा चेहरा पडला, ते मला बघवेना.

"मग मालक कुठं गेला?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मालकाला मी बाहेर उभं केलं व्हतं," वाल्मीक म्हणाला. "तेच काम हाय माझं. फोटूसाठी घर रिकामं करायचं. सामान बाहेर, माणसं बाहेर."

"सिंधू, आन् मालक गेला?"

"सूट घालून आला व्हता, तरी गेला," मी मधेच म्हणालो. मला राहवलं नाही.

गोटीरामांनी खोलीभर नजर फिरवली. कांद्याच्या गोण्या, भिंतीवरची कॅलेंडरं, कोपऱ्यातली पाण्याची मोटर. "विचार त्यांना," ते हळूच म्हणाले, "ह्या घराचा फोटू काढायचा झाला, तर काय काय बाहेर काढतील?"

वाल्मीक कामाच्या वेळी दिसायचा तसा दिसायला लागला. उभा राहिला आणि बोटानं दाखवत गेला. गोण्या, मोटर, कॅलेंडरं, दोरीवरचे टॉवेल, खाट.

"आन् मी? विचार."

वाल्मीक अडखळला. सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुम्ही पण," तो म्हणाला, "जरा बाहेर."

गोटीराम उठले. मला वाटलं, आता काठी घेतात. त्यांनी टोपी नीट केली, चपला हातात घेतल्या आणि खरोखर बाहेर गेले. ओट्यावर, भर उन्हात जाऊन बसले. रस्त्यानं जाणारा कुणीतरी म्हणाला, "काय आबा, आज बाहेर?"

"जावयानं काढलं," गोटीराम मोठ्यानं म्हणाले. "नाशकात बंगलेवाल्यांना काढतो तो. सुटाबुटातल्या. आपण काय लागून गेलो?" आवाजात असा थाट होता की तो माणूस सायकल थांबवून उभा राहिला.

मग त्यांनी मान वळवून दारातून आत पाहिलं. सिंधूबाई समोरच उभ्या होत्या, पण गोटीरामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पाव्हणे," ते जावयाला म्हणाले, "झालं का तुमचं? का आजून बसू?"

ही हाक ऐकायला वाल्मीकनं नऊ वर्षं फिरून आलेला चहा प्यायला होता. तो दारापर्यंत गेला आणि चौकटीला धरून थांबला. "या मामा, आत या," तो सिंधूबाईंकडे न बघता म्हणाला.