परत आलेला गुंड

मी भंडाऱ्यात राहून पितळी भांडी ऑनलाइन विकते. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका बाईनं पाणी भरायचा नवा गुंड मागवला आणि चार दिवसांत 'माल खराब' म्हणून परत पाठवला. खोका उघडला तर आत दुसराच गुंड, काळा पडलेला, पोटाला पोचे आलेला. माझा नवा ठेवून घेऊन तिनं घरचा जुना माझ्या गळ्यात मारला होता.

मी फोटो काढून विक्रीच्या ॲपवर तक्रार केली. 'परत आलेली वस्तू तुमचीच आहे,' असं उत्तर आलं. माझं डोकं असं फिरलं की मी चिंच घेऊन तो गुंड घासायलाच बसले. घासता घासता काठाखाली कोरलेली अक्षरं निघाली. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, हे बाई विसरली होती. तिचं नाव, 'मामाकडून सप्रेम भेट', आणि खाली मामाचं नाव नि गाव, पवनी.

क्वार्टरवर जाऊन भांडले असते तर तिनं कानावर हात ठेवले असते. एवढ्या स्वस्तात मी तिला सोडणार नव्हते. मी पवनीची एसटी धरली. लखलखीत गुंड म्हाताऱ्या मामांपुढे ठेवला आणि म्हटलं, "मामाजी, तुमच्या भाचीनं हा मले देऊन टाकला, नव्याच्या बदल्यात."

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग उठून गुंड धुतला, भरला आणि दाराशी ठेवला.

"दिवाळीले भाची येते," ते म्हणाले. "तिले पाणी यातलंच देईन."