करंट काकाच्या जागी

शिवराजमामा रस्त्याच्या मधोमध उभा होता. हात वर. अंगात निळा ट्रॅकसूट, पाठीवर लाल केप, छातीवर पिवळ्या रेडियमची वीज. आणि एक पण गाडी थांबत नव्हती.

एक कारवाला आला. त्यानं खांबावरचा फोटो बघितला, कपाळाला हात लावला, जसा मंदिरासमोरून जाताना लावतात तसा, आणि मामाच्या बाजूनं सुळकन निघून गेला. मागून ऑटो. तेच. कपाळाला हात, आणि पुढे. तरी मामानं हात खाली घेतला नाही. फुटपाथवर त्याच्या मागं एकही पोरगं नव्हतं. मग तो हात कशासाठी होता काय माहीत.

मी समोर आईच्या इडलीच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, चटणी वाढत होते. तिथून सगळं दिसतं.

तो ड्रेस मामाचा नव्हता. दिगंबर काकांचा होता. काका करंट ऑफिसातून, विजेच्या खात्यातून, रिटायर झाले आणि दुसऱ्या महिन्यापासून आमच्या शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून द्यायला लागले. आधी साध्या कपड्यात, हातात रुमाल. कोण थांबतंय? मग एक दिवस ते या ड्रेसमध्ये आले. केप म्हणजे त्यांच्या बायकोचा, सुशीलाकाकूंचा, जुना लाल परकर, फाडून शिवलेला. पोट बाहेर. आमचा सगळा बरकतपुरा हसला. पोरांनी नाव ठेवलं करंटमॅन. मी विचारलं होतं, "काका, लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "लोक हसायला तरी थांबतात ना गं. थांबले की पोरं पार."

अकरा वर्षं. एकाही पोराला ओरखडा नाही.

मी नववीत शाळा सोडली. सगळ्यांनी कारण विचारून माझं डोकं खाल्लं. काकांनी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा कॅन घेऊन पलीकडं चालले तर त्यांनी ट्रॅफिक थांबवलं, कमरेत वाकून हात केला, "या बाईसाहेब." तेव्हापासून रोज. म्हणून काकांबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझ्याकडून ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

संक्रांतीच्या सुट्टीत काका गेले. झोपेतच. शाळा उघडायच्या आधी गल्लीच्या मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. आठ जणांनी नावं दिली, वार वाटून घेतले. जिमवाला सुरेश सोमवारी. त्यानं पहिल्याच सोमवारी एका बाईकवाल्याची कॉलर धरली. ऑटोवाला प्रकाश अन्ना दोन दिवस आला, मग म्हणाला भाडी बुडतात. महिनाभरात सगळे गळाले. शिवराजमामाचा वार होता फक्त गुरुवार. तो रोजच यायला लागला.

मामा म्हणजे नात्यातला नाही, सगळ्या गल्लीचा; चव्वेचाळीसचा असेल. सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात सेल्समन. लग्न नाही. त्याची आई होती, ती गेली, मग गल्लीच्या टोकाच्या एका खोलीत एकटाच. दिवसभर बायकांना साड्या उलगडून दाखवायच्या, त्या "नक्को" म्हणाल्या की घड्या घालायच्या. घरी आल्यावर बोलायला कोणी नाही, आणि असतं तरी तो बोलला नसता. रविवारी काका त्याचं दार वाजवायचे, "शिवराज, जिवंत आहेस का?" आतून "हौ" आलं की काका पुढं जायचे. एवढीच त्यांची दोस्ती. काका गेल्यावर ते दार कोणी वाजवलं नाही. मी पण नाही.

काकांचा ड्रेस त्याला घोंगडीसारखा व्हायचा. पँटला त्यानं नाडी घातली. आणि केपची घडी रोज साडीसारखी घालायचा, काठाला काठ लावून. ते बघून मला हसू यायचं, पण रस्त्यावर कोणी हसायचं नाही. मामाचं तोंडच तसं. जसं काय अस्थी घेऊन चाललाय.

त्यात आम्ही एक काम केलं. आम्ही म्हणजे सगळ्यांनी, माझी पण वर्गणी होती. डिव्हायडरवरच्या लाईटच्या खांबाला काकांचा मोठा फोटो लावला. फ्रेम, झेंडूचा हार, खाली 'करंट काका अमर रहें'. आठ दिवसांत तिथं अगरबत्त्या लागल्या. कोणी नारळ फोडला. कोणी लिंबू-मिरची बांधली. येणारेजाणारे समजायला लागले की इथं माणूस मेलाय, गाडीखाली. काका तर पलंगावर गेले होते! पण कोणाकोणाला सांगणार? एका आजीनं नातवाला सांगितलं, त्या खांबाजवळ थांबू नको रे, भूत पकडतं. झालं. सगळ्या शाळेत पसरलं.

पोट्टे तिथून ओलांडेनात. ते खाली पेट्रोल पंपाच्या वळणावरून पळत जायचे, जिथं गाड्या दिसतच नाहीत. एका सकाळी तिसरीतल्या आदित्यला स्कूटर घासून गेली. गुडघे फुटले, बाटली चेंदामेंदा. मामा तिकडं पळाला, केपमध्ये पाय अडकून पडला, उठला, पोराला उचललं. पोरगं त्याच्या छातीवरची वीज बघून अजूनच किंचाळलं.

मग मामा वळणावर जाऊन उभा राहायला लागला. पण तिथं उतारावरून येणाऱ्याला ब्रेक मारायलाच जागा नाही. तो पोरांना सांगायचा, "वर चला रे, खांबापाशी, मी आहे ना." पोरं पळून जायची.

पुढच्या सोमवारी सकाळी मी बंडी लावत होते. बघते तर मामा स्टूलवर चढून काकांचा फोटो खांबावरून काढतोय.

मी चटणीचा डाव हातात घेऊनच धावले. "ए मामा! काय करतोस?"

"पोरं येत नाहीत, भारती."

"म्हणून काकांना उतरवणार? कोणाला विचारलं?"

तो स्टूलवरून उतरला, फ्रेम ट्रॅकसूटच्या बाहीनं पुसली.

"तुला काकांची जागा पाहिजे," मी म्हटलं. "त्यांच्या नखाची सर नाही तुला. एक रिक्षा थांबत नाही तुझ्यासाठी, आणि चाललास हिरो व्हायला." अजून पण बोलले. ते लिहीत नाही. सुरेशला फोन पण मीच केला.

सुरेश, अजून चार जण आले. मामा मान खाली घालून उभा. सुरेश म्हणाला, "कोणाच्या सांगण्यावरून काढला? बोल ना." मामानं तोंड उघडलं, आणि बंद केलं. एवढंच म्हणाला, "माझ्या." सुरेशनं जागेवरच ड्रेस मागितला. मामानं केप सोडली, रस्त्यातच तिची घडी घातली, काठाला काठ, आणि दिली. ट्रॅकसूट घरी जाऊन धुवून आणून दिला. फोटो, ड्रेस, दोन्ही मंडळाच्या हॉलमध्ये गेले, काचेच्या कपाटात. आजही तिथंच आहेत, कुलपात.

मला वाटलं, सुटलो सगळे.

मंगळवारी सव्वाआठला मामा आला. दुकानात जायची इस्त्रीची पँट, फुल शर्ट, आणि पाठीवर साडी! दुकानाच्या काचेत बाहुलीला नेसवून उन्हानं विटलेली साडी, तरी झगझगीत पोपटी, वीतभर जरीचा काठ. गळ्याशी गाठ मारलेली, मागं लोळतेय. खांब मोकळा होता. मामा तिथं जाऊन उभा राहिला. हात वर.

ऑटोवाल्यानं ब्रेकच मारला. "अरे ये कौन है रे! दुल्हन किधर है, भाई?"

मामाचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता पळतो. पण तो जोरात ओरडला. मी त्याला त्याआधी ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं.

"मियाँ, ब्रेक मारके रखो! मेरेकू उडना नई आता!"

ऑटोवाला हसून हसून हँडलवर पडला. मागचे दोघं तिघं हॉर्न मारत होते, त्यांनी साडी बघितली आणि ते पण हसले. सगळा रस्ता थांबला. पेट्रोल पंपाकडून पोट्टे बघत होते. कोणी हललं नाही. गाड्या सुटल्या. मामानं परत हात वर केला, परत तेच वाक्य. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा आदित्य आला, गुडघ्यांना पट्ट्या. मामाकडं न बघता टणटण पार गेला. पलीकडून ओरडला, "साडीमॅन!"

शनिवारपर्यंत वळणावर एक पण पोरगं उरलं नाही.

पण मोठ्यांनी मामाला माफ केलं नाही. त्याच्या जवळून जाताना लोक मोबाईल काढून त्यात डोकं घालायचे. सुरेशनं सगळ्यांना सांगितलं होतं, यानं काकांचा फोटो उतरवला. गल्लीत कोणी त्याला चहाला पण बोलवायचं नाही. आधी पोरं पार झाली की तो आमच्या बंडीवर दोन इडल्या खायचा, उभ्यानं. फोटो उतरवल्यापासून मी त्याच्याकडं बघायचंच बंद केलं. दोन दिवस तो बंडीसमोर येऊन थांबला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाढत राहिले. तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. गाड्यांना हसवायचा, पोरांना "पळ रे वाघा" म्हणायचा, आणि शाळा भरायची शेवटची बेल झाली की साडी काढून, घडी घालून, पिशवीत ठेवून सुलतान बाजारच्या बसची वाट बघत उभा राहायचा. तेव्हा तोंड परत तसंच, अस्थी घेऊन चालल्यासारखं. मी बंडीवरून बघायचे. मी त्याला बोललेलं आड यायचं, पाय नाही. पाय तर हलायला तयार होते. तरी मी गेले नाही.

शेवटच्या पेपरपर्यंत तो आला. मे महिन्यात त्याच्या मालकानं कुकटपल्लीला दुसरं दुकान टाकलं आणि त्याला तिकडं पाठवलं. रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून खोली पण तिकडंच बघितली. सामान एका ऑटोत मावलं. निघताना बंडीशी ऑटो थांबवला, खाली उतरला नाही, आतूनच पिशवी पुढं केली. आईनं घेतली. आत ती पोपटी साडी होती.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही. मंडळवाले म्हणाले ठराव करू. मी साडी गळ्याला बांधली आणि गेले. सुरेश बोलला, "आता तू?" मी म्हटलं, "तू कर ना मग, घे." त्यानं घेतली नाही.

जुलैत एका सकाळी सुशीलाकाकू दुधाची पिशवी घेऊन खांबापाशी आल्या. मी गाड्या थांबवल्या, त्यांचा हात धरला. मधोमध आल्यावर त्यांनी खांबाकडं बघितलं.

"शिवराज कुठं असतो गं?"

"कुकटपल्लीला. त्याचं नाव नका काढू काकू. त्यानं काकांचा फोटो..."

"मीच सांगितलं होतं त्याला काढायला," काकू म्हणाल्या. "रोज दुधाला जाताना हार घातलेले ते दिसायचे. मला जमत नव्हतं. कुणाला सांगू नको म्हटलं, लोक म्हणतील, सहा महिने पण झाले नाहीत आणि बायकोला फोटो नको झाला."