हौदाचा तळ

खतांच्या दुकानात मोरचुदाचे निळे खडे दिसले, की पाटोद्याच्या घरचा, अंगणातला माशांचा हौद आठवतो. आई रोज सकाळी त्यातलं शेवाळ हातानं काढून गुलाबाच्या बुडाशी टाकायची. ती गेली आणि आठवड्यात पाणी हिरवंगार झालं. "तेराव्याला पाव्हणे येतेन, असं बरं दिसत न्हाई," म्हणत काकांनी फवारणीतून उरलेला मोरचूद मूठभर टाकला. दोन दिवसांनी पाणी इतकं नितळ झालं, की तळाची फरशी दिसायला लागली. मासे वर उलटे तरंगत होते. वडील चहाचा कप घेऊन काठाशी उभे राहिले. "लई साफ झालं," एवढंच म्हणाले. मग आईच्याच झाऱ्यानं त्यांनी मासे काढले आणि गुलाबाखाली पुरले. कुणी रडलं नाही. आता आईचा चेहरा आठवायला बसलं, तरी मला ती फरशीच दिसते.