पॅडवर टेकलेल्या काठ्या

आमच्या बडोद्यात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. पण नागरवाड्यात चाकांच्या स्केट्सवर वाढलेली माझी लेक लडाखच्या शिबिरात आइस हॉकी शिकली, गोलकीपर झाली आणि मुलींच्या ज्युनियर संघातून परदेशी स्पर्धेला गेली.

त्या दुपारी यांनी कोयलीच्या रिफायनरीतली पाळी बदलून घेतली होती. आम्ही दोघं मोबाइलवर सामना बघत बसलो. समोरच्या मुली वाऱ्यासारख्या यायच्या. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती लेक एकदा अडवायची, पडायची, उठेपर्यंत ती पुन्हा येऊन आत जायची. आपण हरणार हे लवकरच कळलं. मी हेल्मेटच्या जाळीमागे तिचा चेहरा शोधत राहिले.

सामना संपला आणि जिंकलेल्या मुली एकेक करून तिच्यापाशी आल्या. प्रत्येकीनं तिच्या पायांवर काठी मारली. मी ओरडलेच, "अहो, मारतायत तिला!" हेही ताडकन उठले.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. मी बोलायच्या आत हे म्हणाले, "बेटा, लागलं का गं?"

"कुठे?"

"पायांना. काठ्या मारल्या ना त्यांनी."

ती हसतच सुटली. "बाबा, ती शाबासकी असते! गोलकीपर चांगली खेळली की तिच्या पॅडवर काठी टेकवतात. त्यांच्या कॅप्टननं तर दोनदा टेकवली."

"हरल्यावरही?" मी विचारलं.

"हो आई. आज तर सगळ्यांनी."

यांनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, "जेवलीस का?"