बागेत आलेली गाय

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरासमोर एक चौकोनी बाग होती. चारी बाजूंनी घरं आणि मधे ती. तिचा कठडा आणि वरचे लोखंडी गज कुणी बसवले ते कुणालाच सांगता येत नसे. आतलं सगळं मात्र चौकातल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. मधोमध कडुलिंब, त्याच्याभोवती हरळी, कडेनं मोगरा, तगर, जास्वंद. कुणी आळी करायची, कुणी झाडायचं, कुणी कुठल्या दिवशी पाणी घालायचं हे सगळं ठरलेलं असे आणि ते ठरवत असत अक्का.

अक्का आमच्या शेजारच्या घरातल्या. साठीच्या, उंच, कपाळावर विभूतीची बोटं ओढलेल्या. माहेर दुधनीचं, त्यामुळे घरात कानडी आणि दारात मराठी. मुलं बाजारात धान्याचा व्यापार बघत, आणि अक्का बाग बघत. पूजेपुरतीच फुलं तोडायची, लिंबावर चढायचं नाही आणि जनावर आत येता कामा नये, हे त्यांचे नियम. एखाद्या शेळीनं गजांतून नुसतं तोंड घातलं तरी अक्कांचा आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. माझे यजमान रेल्वेत. ड्यूटी होटगीला असल्यामुळे दिवसभर मी एकटीच असे. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला हाक मारली.

"ए पोरी, नुसती दारात हुबी राहू नको. हात लाव की."

तेव्हापासून मीही त्या बागेची झाले.

बहात्तरच्या दुष्काळात नळाला पाणी येईनासं झालं, तेव्हा अक्कांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावून सांगितलं, की प्यायच्या पाण्याचा एक थेंबही झाडाला घालायचा नाही. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी काय ते आणायचं. आम्ही तसंच केलं. तरी उन्हाळा चढला तसा मोगरा गेला, तगर गेली, हरळी पिवळी पडली. टिकली ती फक्त कण्हेर.

ही कण्हेर मास्तरांची. मास्तर म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त चित्रकला शिक्षक. पश्चिमेच्या कठड्याला लागून त्यांनी फांद्या लावून लावून कण्हेरीची एक रांगच वाढवली होती. माणसापेक्षा उंच, गुलाबी आणि पांढरी. दुपारचं ऊन ती अडवायची. त्या करपलेल्या चौकात रंग म्हणून उरला होता तो तेवढाच. मास्तर सकाळी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसत आणि चित्र काढत.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी बाहेर गलका ऐकू आला म्हणून मी दार उघडलं. गजांना टेकून एक गाय बसली होती. बसली म्हणजे कोसळलीच होती. बरगड्या मोजता येत होत्या आणि पोट मात्र मोठं, गाभण. शेजारी एक बाई आणि तिचा नवरा, मागं दोन बैल. जनावरांच्या छावणीकडं निघाले होते आणि गाय आमच्या दारात बसली ती उठेना.

अक्का तरातरा बाहेर आल्या. "हितं बसू नका! उठवा तिला, उठवा!"

ती बाई गाईच्या मानेवर हात ठेवून तशीच बसली आणि हळूच काहीतरी कानडीत बोलली. अक्का थांबल्या.

"याव ऊरु?" त्यांनी विचारलं. कुठलं गाव?

बाईनं गावाचं नाव सांगितलं. अक्कांच्या माहेराहून अगदी जवळचं. अक्का क्षणभर गाईकडं बघत राहिल्या. मग त्यांनी फाटकाची कडी काढली आणि म्हणाल्या, "बा, यव्वा, बा." ये बाई, ये. ते त्या बाईला म्हणाल्या की गाईला, मला अजून ठाऊक नाही.

ट्रक चालवणारे चाचा चौकातच राहत. त्यांनी आणि त्या नवऱ्यानं मिळून गाईला उठवलं आणि लिंबाच्या सावलीत नेलं. नवरा बैल घेऊन छावणीवर गेला. बाई गाईपाशी राहिली.

संध्याकाळी सगळे जमले. चिडलेले बरेच होते.

"आज एक गाय आली. उद्या दहा येतील," कुणीतरी म्हणालं.

"दहा आल्या तर दहांचं बघू. आज एक हाय."

"पण अक्का, जनावर आत घ्यायचं नाही हा नियम तुमचाच की," मास्तर म्हणाले.

"माझा हाय म्हणून मीच मोडाया लागले. दुसऱ्या कुणी मोडला असता तर मी भांडले असते."

चाचांची बायको, जिला सगळे भाभी म्हणत, ती मागून म्हणाली, "भूका जनावर है जी. बाहर नक्को निकालो."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तिथं कण्हेर आहे. तिचा पाला खाल्ला तर गाय मरेल." लोकांना वाटलं, मास्तर निमित्त काढताहेत.

पण ती बाई म्हणाली, "व्हय, इख हाय ते. म्या दावं आखूड बांधते."

तिनं तसं बांधलं. गाईला लिंबाशी जेमतेम बसता-उठता येई, पाय ताणता येत नसत. समोर हिरवंगार दिसत होतं आणि ती सारखी तिकडं मान ओढायची. दुपारी झळा सुटल्या की कण्हेरीची वाळकी पानं उडत लिंबापर्यंत यायची. ती बाई गुडघ्यावर बसून एकेक पान वेचायची. तिला तिथंच जेवण नेऊन दिलं तरी तिची नजर पानांवरच असे. मास्तर हे आपल्या खिडकीतून बघत.

एका सकाळी मी पाणी भरत होते, तर कुऱ्हाडीचा आवाज आला. मास्तर धोतर खोचून कण्हेर तोडत होते. पहिलं झाड आडवं पडलं होतं आणि फुलं त्यांच्या पायांवर होती.

अक्का धावत आल्या. "मास्तर, अवो काय करताय हे?"

"गाईला दावं लांब हवं," ते एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं वळले.

त्यांना सवय नव्हती. दोन-चार घावांतच दम लागला. चाचांनी येऊन कुऱ्हाड हातातून घेतली, तेव्हा मास्तर कोयत्यानं फांद्या छाटून गोळा करायला लागले. "चुलीत घालू नका रे, धूरही वाईट," असं सगळ्यांना बजावत होते. चाचांनी ती सगळी कण्हेर ट्रकमध्ये भरून गावाबाहेर नेली. आम्ही बायकांनी खराट्यानं सगळी जमीन दोनदा झाडली. मास्तर घरात गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. संध्याकाळी अक्कांनी स्वतः त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी नेऊन दिली.

त्यानंतर चौक बदलला. पश्चिमेचं ऊन आता थेट घरांवर यायला लागलं, पण कुणी तक्रार केली नाही. मागच्या गल्लीत पद्मशाली विणकरांची घरं होती. त्यांनी जुन्या चादरी आणून गजांना बांधल्या आणि गाईवर सावली धरली. अक्कांची मुलं बाजारातून कडबा आणू लागली. ज्यांनी सगळ्यात जास्त आवाज केला होता, त्यांच्याच घरून भाजीचे देठ आणि कोंडा नेमानं यायचा. दावं लांब झालं होतं. गाय आता पाय पसरून झोपायची.

ती व्याली ती एका रविवारी सकाळी. कळा सुरू झाल्या, पण वासरू अडलं. ती बाई घाबरली आणि नवरा छावणीवर. तेव्हा भाभीनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. लहानपणी तिच्या माहेरी म्हशी होत्या. "हौ, हौ, आता है," म्हणत ती आणि बाई मिळून वासराचे पाय ओढत होत्या. अक्का मातीत बसून गाईचं डोकं मांडीवर धरून कानडीत काहीबाही बोलत होत्या. मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "झालं का? झालं का?"

कालवड झाली. ओली, थरथरणारी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. चौकातल्या झाडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाभी रडत होती आणि हसत होती.

"आता खरवस मिळणार," कुणीतरी म्हणालं.

अक्कांनी मान वर केली. "कुणाला मिळणार? ते तिच्या लेकराचं हाय. वाटी घेऊन कोण येतंय ते बघतेच मी." कुणीही आलं नाही.

गावाकडं मिरगाचा पाऊस झाल्याची खबर आली तशी ती माणसं निघाली. जाताना त्या बाईनं सगळी बाग झाडून काढली आणि शेण एका कोपऱ्यात नीट रचून ठेवलं. बागेत तसं उरलं नव्हतंच काही. लिंब आणि उघडी माती. त्याच मातीत पावसाळ्यात आम्ही पुन्हा आळी केली, आणि पाणी घालायची पाळी कुणाची यावरून पुन्हा भांडायला लागलो. मास्तरांनी पश्चिमेला पारिजातक लावला. कण्हेर का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "ह्याला जनावरानं तोंड लावलं तरी चालतं."

पुढच्या संक्रांतीला ती बाई आली. डोक्यावर ज्वारीच्या कणसांचं गाठोडं, हुरड्यासाठी. दुपारभर ती आणि अक्का लिंबाखाली कानडीत बोलत बसल्या. मला एक शब्द कळत नव्हता. मी दोनदा चहा केला.

"काय म्हणतीय ती?" मी शेवटी विचारलं.

"गावाला या म्हणती. सगळ्यांनी. तिची कालवड बघाया."

"मग?"

"मग काय? जायचं की."

चाचांनी ट्रक धुऊन काढला, मागं सतरंज्या अंथरल्या. रविवारी सगळा चौक त्यात बसला. मास्तरांनी कागदाची वही आणि रंगांची पेटी मांडीवर घेतली होती. अक्का पुढं भाभीशेजारी बसल्या. वस्ती मागं पडून दोन्ही बाजूंना उभी ज्वारी लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागं आम्हांला ओरडून सांगितलं, "बघा गं, बघा! कशी लई आलीय!"

आम्ही सगळे उठून उभे राहिलो आणि ट्रकची फळी धरून बघत राहिलो.